रेनकोटातला घाम आणि शेवटचे शंभर ग्रॅम

एप्रिलातली सकाळ, साडेसहाची वेळ. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असं लिहिलंय, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं) फेऱ्या मारणाऱ्यांची नेहमीची गर्दी होती. त्यात एक पोरगा रेनकोट घालून पळत होता. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि हा गळ्यापर्यंत चेन ओढून, डोक्यावर टोपी आवळून पळतोय. वय चौदा-पंधरा असेल. माझ्या चौथ्या फेरीला तो ट्रॅकच्या कडेला थांबला, हात खाली सोडला आणि बाहीचं इलॅस्टिक बोटानं ताणलं. आतून पाण्याची धार लागली. चांगलं अर्धा कप पाणी मातीत पडलं असेल. मग दुसरी बाही.

"वजन उतरवतोय काका," तो म्हणाला. "शनिवारी काटा आहे. दीड किलो राहिलंय."

गेली कित्येक वर्षं मी पोरांना बाष्पीभवनाचा धडा शिकवला. पण बाहीतून ओतलेला तो घाम बघून मला जे सुचलं ते वर्गात कधी सुचलं नव्हतं.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाटचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. ६ ऑगस्ट २०२४ ला ५० किलो गटात तिनं पहिल्याच कुस्तीत युई सुसाकीला हरवलं. सुसाकी म्हणजे टोकियोची सुवर्णविजेती, आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर एकदाही न हरलेली. त्याच दिवशी आणखी दोन कुस्त्या मारून विनेश अंतिम फेरीत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. रौप्यही नाही, क्रमांकही शेवटचा. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तज्ज्ञांचा नुसता पूर आला होता. "शंभर ग्रॅम म्हणजे दोन टोमॅटो, तेवढे निघत नाहीत?" "केस कापायचे ना!" (कापले होते. कपडेही आखूड केले होते.) "रक्त काढायचं थोडं." (उत्तेजकविरोधी नियमांत रक्ताशी खेळ बसत नाही.) आणि अर्थातच, "काट्यातच गडबड होती." वजन जास्त भरलं हे पुढे क्रीडा लवादापुढेही कुणी नाकारलं नव्हतं, पण कटकारस्थान म्हटलं की आपल्याला जरा बरं वाटतं.

यातला एकच प्रश्न खरा होता. शंभर ग्रॅम का निघत नाहीत? त्याचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून जरा सैल हातानं लिहितो.

आधी एक घरगुती प्रयोग. रात्री झोपताना वजन करा आणि सकाळी उठल्या उठल्या, संडास-बाथरूमला जायच्या आधी, पुन्हा करा. पाव किलोच्या आसपास कमी भराल. काही खाल्लं नाही, व्यायाम केला नाही, मग गेलं कुठं? श्वासातून आणि कातडीतून न जाणवता पाणी गेलं, आणि थोडा कार्बन डायऑक्साइडच्या रूपानं कार्बन गेला. म्हणजे माणूस नुसता पडून राहिला तरी तासाला तीसेक ग्रॅमनं हलका होत असतो. चरबीही प्रामुख्यानं याच वाटेनं जाते. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातले साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडातून बाहेर पडतात आणि उरलेल्याचं पाणी होतं. कमरेला पट्टा बांधून "चरबी घामावाटे वितळते" असं सांगणाऱ्या जाहिराती, किंवा घामातून शरीरातली 'विषं' निघतात म्हणून वाफेच्या पेटीत बसवणारी दुकानं, यांनी एवढी एक गोष्ट शाळेत ऐकलेली दिसत नाही. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि किंचित मीठ. पट्टा सोडून दोन ग्लास पाणी प्यायलात की 'वितळलेली चरबी' हजर.

पण पैलवानाला तर पाणीच काढायचं असतं. त्याला चरबीशी घेणंदेणं नाही, ती आधीच नसते. काट्यावर जो आकडा येतो त्यात हाड, मांस, आतड्यातला ऐवज आणि पाणी यांत भेद नसतो. एका रात्रीत हाड-मांस कमी होत नाही, म्हणून पाणी कमी करायचं.

आता घाम. आपल्याकडचा माठ एप्रिलात पाणी कसं थंड ठेवतो हे सातवीतलं पोरही सांगेल. माठ झिरपतो, बाहेरचं पाणी वाळतं, वाळताना माठातली उष्णता घेऊन जातं. तोच माठ मुंबईला मावशीकडे ठेवा, पाणी कोमट लागतं, कारण तिथल्या दमट हवेत वाळणं मंदावतं. आपण म्हणजे चालता-बोलता माठ. कातडीवर १ ग्रॅम घाम वाळला की शरीरातली सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता जाते. यातला 'वाळला' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. वाळला नाही, नुसता ओघळला, तर शरीराला त्याचा उपयोग शून्य.

गंमत अशी की काट्याला हे कळत नाही. वाळलेला एक ग्रॅम आणि ओघळलेला एक ग्रॅम त्याला सारखेच.

रेनकोटाची सगळी युक्ती याच फटीत बसते. पोरगा पळतो, स्नायू उष्णता तयार करतात, मेंदूला तापमान चढल्याचं कळतं, तो घामाच्या ग्रंथींना हुकूम देतो. घाम येतो, पण प्लास्टिकच्या आत हवा लगेच ओलीचिंब होते आणि वाळणं थांबतं. उष्णता जागच्या जागी. मेंदूला वाटतं, आपण धाडलेला घाम कमी पडला, आणखी धाडा. आणखी येतो, तोही बाहीत साठतो. गळक्या बादलीनं आग विझवावी तसं चाललेलं असतं, आणि काट्याला बादल्या किती रिकाम्या झाल्या एवढंच दिसतं.

हे किती धोक्याचं आहे, त्याचा ढोबळ हिशोब करू. पन्नास किलोच्या माणसाचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढवायला साधारण ४१ किलोकॅलरी उष्णता लागते. जोरात पळताना ताशी ४५० किलोकॅलरी तरी उष्णता सहज तयार होते. बाहेर पडायची वाट पूर्ण बंद केली, तर दर साडेपाच मिनिटांना एक अंश! प्रत्यक्षात वाट पूर्ण बंद होत नसते, श्वास असतो, चेहरा उघडा असतो, म्हणून इतकं भराभर चढत नाही. पण ३७ (नेहमीचं तापमान) आणि ४२ (जिवावर बेतणारं) यांच्यात पाचच अंश आहेत हे लक्षात ठेवा.

मग रेनकोट न घालता, सरळ मार्गानं घाम काढला तर? वृत्तांनुसार विनेशचं वजन पहिल्या दिवसाच्या कुस्त्या संपल्यावर मर्यादेच्या वर पावणेतीन किलोच्या आसपास गेलं होतं. २.७ किलो घाम नुसता व्यायामाच्या उष्णतेनं वाळवायचा तर २७०० गुणिले ०.५८, म्हणजे १५६६ किलोकॅलरी. ताशी ४५० नं भागा. जवळजवळ साडेतीन तास न थांबता कसून मेहनत, आणि तीही तीन कुस्त्या खेळून झाल्यावर, उपाशी, पाण्याचा घोट न घेता, रात्रभर. म्हणूनच मग बाहेरची उष्णता आणावी लागते, म्हणजे सॉना, गरम खोली, जाड कपडे.

(इथं कुणीतरी विचारेल, मुळात एवढं वाढलं कसं? त्यात जादू नाही. तोंडावाटे जेवढं वस्तुमान आत गेलं त्याहून एक ग्रॅमही जास्त वाढू शकत नाही. "मी काहीच खात नाही तरी वजन वाढतं" म्हणणाऱ्यांनीही हे लिहून ठेवायला हरकत नाही. पण कोरड्या पडलेल्या शरीरात पाणी टिकतं. स्नायूंत साठणारं ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) आपल्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतं. दिवसभर लढायचं तर खावं-प्यावं लागतं, आणि खाल्लं-प्यालं की ते पाणी सोडायला शरीर तयार नसतं. बायकांच्या बाबतीत पाळीच्या चक्रातले बदलही पाणी धरून ठेवू शकतात.)

शेवटच्या शंभर ग्रॅमचं कोडं मला शरीरशास्त्राच्या पुस्तकाच्या आधी बेदाण्याच्या शेडमध्ये उमगलं. माझ्या मामांचं निफाड तालुक्यात द्राक्षाचं शेत आहे. भाव पडला त्या साली ते बेदाणा करतात. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी सोडू देत नाही. म्हणून घड आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात आणि मग शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. चार किलो द्राक्षांतून किलोभर बेदाणा निघतो. मी एकदा विचारलं, "मामा, रोज सारखंच वजन कमी होतं का हो?"

"कसलं सारखं," मामा म्हणाले. "पहिले तीन-चार दिवस माल भराभर पाणी सोडतो. मग रुसतो. शेवटचं पाणी सोडायला त्याच्या जिवावर येतं. तिथं घाई करून उष्णता दिली का, माल काळा पडतो."

वाळवण करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. पापडाचं, मिरचीचं, द्राक्षाचं वाळणं आधी वेगात होतं, मग ढेपाळतं, कारण पृष्ठभागाजवळचं पाणी संपतं आणि आतलं बाहेर यायला वेळ लागतो. आलेख काढला तर तो शेवटी आडवाच होत जातो.

शरीराचा आलेखही असाच आडवा होतो, पण कारण वेगळं. द्राक्ष बिचारं मुकाट वाळतं. शरीर मुद्दाम नळ आवळतं. पुढचा परिच्छेद थोडा जड आहे. ज्यांना नको त्यांनी खुशाल उडी मारावी, पण मला तो लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

रक्तातल्या विरघळलेल्या कणांची संहती शरीर डोळ्यांत तेल घालून सांभाळतं. ती असते किलोमागे सुमारे २९० मिलिऑस्मोल (एकक विसरा, २९० हा आकडा धरा). घाम रक्तापेक्षा बराच कमी खारट असतो, कारण घामाच्या नळीतून वर येताना ग्रंथी बरंचसं मीठ परत ओढून घेते. म्हणजे घाम गेला की पाणी जास्त जातं आणि मीठ कमी. मागे राहिलेलं रक्त दाट होतं. हिशोब करू. पन्नास किलोच्या खेळाडू बाईच्या अंगात २८ लिटर पाणी धरा. २८ गुणिले २९० म्हणजे ८१२० कण-एककं. दोन लिटर घामाबरोबर त्यातली दोनेकशे गेली. उरली ७९२०, आणि पाणी उरलं २६ लिटर. भागाकार सुमारे ३०५. दिसायला किरकोळ, पण २९५ च्या आसपासच माणूस तहानेनं कासावीस व्हायला लागतो. मेंदूच्या तळाशी असलेलं हायपोथॅलॅमस हा आकडा वाचतं आणि एकदम तीन कामं करतं. तहान लावतं. मूत्रपिंडांना पाणी अडवणाऱ्या संप्रेरकाचा निरोप धाडतं, त्यामुळे लघवी अगदी थोडी आणि गडद होते, म्हणजे ती वाटही काट्याच्या दृष्टीनं आटली. आणि तिसरं, ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच: घाम सुरू व्हायचं तापमान वर सरकवतं. आधी ज्या तापमानाला धो धो घाम यायचा, त्याच तापमानाला आता कमी येतो. वर रक्ताचं आकारमानही घटलेलं असतं. उरलेलं रक्त कातडीकडे पाठवायचं, स्नायूंकडे की मेंदूकडे, यात हृदयाची ओढाताण होते आणि पहिली काटछाट कातडीची होते.

म्हणजे पहिला किलो स्वस्तात मिळतो, आणि शेवटच्या शंभर ग्रॅमसाठी शरीर आणखी तापवावं लागतं, पण उत्तरादाखल घाम मात्र कमीच येतो. पावशेर द्राक्षं आणि पावशेर बेदाणे यांतून पाणी काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन टोमॅटोंचा हिशोब मांडणाऱ्यांनी ती एकच धरली.

काहींना हे जमतं. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतनं उपांत्य फेरीनंतर रात्रभरात, दहा तासांत, ४.६ किलो उतरवले आणि ५७ किलो गटात कांस्य मिळवलं. आपल्याकडे त्याच्या कौतुकाच्या बातम्या झाल्या, पराक्रम म्हणून. सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत तोच अमन १.७ किलो जास्त भरून बाद झाला, तेव्हा बेशिस्त म्हणून. त्याच ५७ किलोत पॅरिसचं सुवर्ण घेणारा जपानचा रेई हिगुची २०२१ च्या ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत ५० ग्रॅमनं बाद झाला होता. पन्नास ग्रॅम! तीच माणसं, तेच शरीर, तोच नळ.

नियम करणाऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते असं नाही. पूर्वी वजन आदल्या दिवशी व्हायचं, त्यामुळे लोक मरणाचं वाळायचे आणि रात्रभर पिऊन-खाऊन ताजे व्हायचे. म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेनं कुस्तीच्या दिवशी सकाळीच वजन घ्यायचं ठरवलं. आणि प्रत्येक गटाची स्पर्धा दोन दिवसांची केली, दुसऱ्या दिवशी पुन्हा काटा. हेतू स्पष्ट होता: दोनदा वाळायचं म्हटल्यावर लोक फार खालच्या गटात उतरणार नाहीत. प्रत्यक्षात लोक दोनदा वाळायला लागले. कारण दुसऱ्या बाजूनं ऑलिम्पिकनं वजनी गट कमी ठेवलेत, जागतिक स्पर्धेत दहा, ऑलिम्पिकमध्ये सहाच. विनेश टोकियोला ५३ किलोत खेळली होती. पॅरिससाठी त्या गटात भारताची दुसरी मुलगी आधीच पात्र ठरली. एका गटात एका देशाची एकच. मग खाली ५० किंवा वर ५७. वर जाणं म्हणजे नैसर्गिकरीत्या बरेच किलो जास्त असलेल्यांशी झुंजणं. तिनं खालची वाट घेतली. आणि हे एकाच खेळाडूचं गणित नाही. समोरचा पाच किलो वाळून येत असेल तर न वाळणाऱ्याचं नुकसान. सगळेच वाळले की फायदा कुणालाच नाही. सगळे आपापल्या जागी, फक्त अर्धमेले.

जत्रेतल्या फडात काटा नसतो. पंच दोन गडी उभे करून डोळ्यानं जोखतात, तोडीस तोड वाटले की जोड लागते. त्यातही वशिले चालतात, मी काही जुनं ते सोनं म्हणणार नाही. आणि आपल्या खाशाबा जाधवांनी १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेटमध्ये सहावा क्रमांक मिळवला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य मिळवलं ते वरच्या, ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये. वर जाऊनही होतं कधीकधी.

विनेशला सूट द्यायला हवी होती असं मला वाटत नाही, आणि हे मी घरातसुद्धा बोललो तेव्हा जेवणाच्या ताटावरून वाद झाला होता. शंभरची सूट दिली की उद्या कुणी दीडशेवर अडेल. तिचं अपील १४ ऑगस्टला क्रीडा लवादानं फेटाळलं ते नियमाला धरूनच. पण त्याच निकालात, काहीही गैर न करता भोगावा लागलेला हा परिणाम अतिकठोर असल्याचं मतही नोंदवलेलं आहे. माझी तक्रार शंभर ग्रॅमबद्दल नाही. काट्यावर आपण जे मोजतो ते चुकीचं आहे. ताकदीची बरोबरी बघायची होती आणि आपण बघतोय, कोण किती कोरडं पडून शुद्धीवर राहतो.

याला उपाय आहे, आणि तो भयंकर किमतीनंतर सापडला. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत महिन्या-सव्वामहिन्यात कॉलेजातले तीन पैलवान वजन उतरवताना मेले. घाम काढणारे बंद सूट, तापलेल्या खोल्या, व्यायामाची सायकल. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉनावर बंदी आली, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाचं किमान वजन ठरवायची पद्धत आली. त्याची चावी लघवीत आहे. लघवीचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत ती किती जड) १.०२० च्या वर असेल तर गडी वाळून आलाय, त्या दिवशी त्याचं मोजमाप धरायचंच नाही. पाणी पी, नंतर ये. अंगातली चरबीही मोजायची, आणि या पोराला किती खाली उतरता येईल ते आधीच लिहून टाकायचं. त्याखालचा गट बंद.

हे सगळं मी त्या पोराच्या वस्तादांना सांगायला गेलो. तालमीच्या दारात खाटेवर बसले होते. शांतपणे ऐकून घेतलं. लघवी तपासायची पट्टी दाखवली, ती हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"सर, तुमचं पटतं," ते म्हणाले. "पण समोरून बावन्नचा गडी अठ्ठेचाळीसमध्ये उतरून येतो. माझं अठ्ठेचाळीसचं पोरगं अठ्ठेचाळीसमध्येच लढवलं तर मार खाऊन येतंय. तुम्ही त्यांच्या वस्तादाला आधी सांगा, मी दुसऱ्या दिवशी बंद करतो."

"त्यांचे वस्ताद काय म्हणतील?"

"हेच म्हणतील," ते हसले. "आम्ही एकाच तालमीतले."

शुक्रवारी सकाळी पोरगा पुन्हा मैदानावर होता. या वेळी रेनकोटाच्या आत स्वेटरही. ओठांना पांढऱ्या कडा आल्या होत्या. "चारशे ग्रॅम," त्यानं न विचारताच सांगितलं. मी माझी पाण्याची बाटली पुढे केली. त्यानं ती घेतली, मोठा घोट तोंडात भरला, डोळे मिटून बराच वेळ खुळखुळवला आणि कडेला जाऊन थुंकला. मग जरा थांबून पुन्हा थुंकला. तोंडात काही राहिलं नाही याची खात्री करून घेतली, बाटलीचं झाकण नीट लावलं आणि म्हणाला, "थँक्यू काका."